तुझ्या शर्मनची उजवी बाजू

विलास,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं राहा म्हणाले. मी नाही म्हणालो. सगळ्यांना वाटलं, जिवलग मित्र, बिचाऱ्याला शब्द फुटत नसतील. शब्द भरपूर फुटत होते. पण बुद्धवंदना नुकतीच संपलेली, समोर पांढऱ्या साडीत वहिनी बसलेल्या, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावलेल्या, आणि माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. उत्तर द्यायला तू नाहीस हे मला कळतं. पण तू असतानाही मला कधी पुरतं बोलू दिलं नाहीस, तेव्हा आता तू ऐक.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते काम बाकीच्यांनी चोख केलं. तुझ्या पावणे एमआयडीसीतल्या कंपनीतले आले होते, सोसायटीचे सेक्रेटरी आले होते, गावाकडचे आले होते. एकाने तुला मनमिळाऊ म्हटलं, एकाने अजातशत्रू म्हटलं. आणि सेक्रेटरी म्हणाले, "विलासरावांचा एक गुण घेण्यासारखा होता. त्यांनी कोणाची चूक कधी चारचौघांत दाखवली नाही." मी मागच्या रांगेत होतो. मला हसू आलं ते मी खोकल्यात घातलं. शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं.

चारचौघांत म्हणे. अरे, वाशीच्या त्या हॉलमध्ये चारशे नसतील, पण हॉल भरलेला होता.

आपल्यासारखी माणसं मुळात थोडी. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा रणगाडा तयार करायचा, त्याला रंग द्यायचा, मग तो रंग मुद्दाम बिघडवायचा, आणि शेवटी त्याचा फोटो असा काढायचा की बघणारा म्हणेल हा खराच आहे. बायकापोरं असलेल्या, पोट सुटलेल्या माणसाने हे करायचं म्हणजे लोक काय म्हणतील ते वेगळं सांगायला नको. मी तर ही गोष्ट चोरासारखी करायचो. तुर्भ्याच्या गोडाऊनमध्ये स्टोअर्सला होतो तेव्हा डबा खाऊन झाला की टेबलाच्या खणात हात घालून टँकची चाकं रंगवत बसायचो. तू तुझ्या कंपनीचा कसला तरी व्हॉल्व्ह न्यायला आलास, खणात डोकावलास आणि म्हणालास, "चाकाच्या कडेला रबर असतं. ते काळं नाय करायचं, करडं करायचं. काळं रबर जगात कुठे असतं?"

मी नाव विचारायच्या आधी तू मला चूक दाखवलीस. तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला होता की माझ्यासारखं आणखी एक खूळ नवी मुंबईत आहे, की मी तुला चहा पाजला आणि व्हॉल्व्हच्या पावतीवर सही घ्यायला विसरलो.

तू मला शिकवलंस, हे मी नाकारत नाही. नाकारलं तर माझा हात झडेल. नवा रंग दिलेला टँक म्हणजे खेळणं, त्याला ऊन, धूळ, तेल, गंज लागला की तो टँक, हे तुझं वाक्य. आपल्यात त्याला वेदरिंग म्हणतात, तू त्याला 'संसाराला लावणं' म्हणायचास. पुस्तकं आणि व्हिडिओ तुला पसंत नव्हते. तू मला तुर्भ्याला ट्रक उभे राहतात तिथे घेऊन जायचास. आपण दोघं टपरीवर उभे राहून ट्रक बघायचो. "धूळ कुठे बसते बघ. वरती नाय बसत, वारा नेतो. कोपऱ्यात बसते, नटाच्या खाली बसते. आणि जिथे ड्रायव्हर पाय ठेवून चढतो तिथे बसतच नाय, तिथे रंगच उडालेला असतो." एक क्लीनर आपल्याला आरटीओची माणसं समजला होता. त्याने मुकाट्याने कागद आणून तुझ्या हातात दिले, आणि तू ते दोन्ही बाजूंनी नीट पाहून त्याला परत दिलेस. तो ट्रक गेल्यावर आपण पोट धरून हसलो.

आजही ठाणे-बेलापूर रोडवरून जाताना मला कोणताही टँकर नुसता टँकर म्हणून बघता येत नाही. डिझेल सांडून ओघळ कुठवर आलाय, मडगार्डखाली चिखल किती थर चढलाय, हे डोळे आपोआप बघतात. हे तुझं देणं. ते मी मानतो, आणि म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागतं.

तर वाशीचा हॉल. आपल्या ग्रुपने पहिल्यांदा लोकांसाठी प्रदर्शन भरवलं होतं. बाहेरच्या बॅनरवर तुझ्या शर्मनचा फोटो होता. शर्मन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला तो उंच, अमेरिकन टँक. चिखलातून वर येताना, मागे ढग, तोफेच्या नळीवर एक ओली काडी चिकटलेली. लोक विचारायचे, युद्धातला जुना फोटो कुठून मिळाला? त्या एका फोटोवर तू आपल्या सगळ्यांचा गुरुजी झाला होतास, आणि म्हणून आलेली मॉडेल पाहून दोन शब्द बोलायचं काम तुला दिलं होतं.

मीही शर्मनच केला होता. तुझा पाहूनच केला होता, त्यात लपवायचं काय. घराबाहेर मांडलेलं ते माझं पहिलं मॉडेल. मंदा, जिने इतकी वर्षं माझ्या टेबलाला 'तुमचा पसारा' याशिवाय नाव दिलं नव्हतं, ती त्या दिवशी कांजीवरम नेसून आली होती. सोबत तिच्या शाळेतल्या दोन बाई आणल्या होत्या. "ह्यांनी केलंय, सगळं हाताने," असं ती त्यांना सांगत होती, आणि तेवढ्यात तू आलास. टेबलापासून चांगला दूर होतास. वाकलासही नाहीस. लांबूनच मोठ्याने म्हणालास, "काय रे अरविंद, हा रिव्हर्समध्ये निघालाय का? पट्टे उलटे लावलेस की."

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. टँकच्या चाकांवरून जे पट्टे फिरतात, त्यांच्यावर नक्षी असते, ट्रॅक्टरच्या टायरवर असते तशी. शर्मनच्या पट्ट्यावर इंग्रजी व्हीच्या आकाराची असते, आणि व्हीचं टोक ठरावीक दिशेलाच हवं. पट्टा चिकटवताना हातात उलटा आला की संपलं. दिसायला तसाच दिसतो. शंभरातल्या नव्याण्णवांना कळतही नाही. ज्याला कळतं त्याला मात्र दुसरं काही दिसेनासं होतं.

हॉल हसला. मंदाच्या बाई, ज्यांना टँकमधलं शेंडाबुडखा कळत नव्हता, त्याही हसल्या. मंदा हसली नाही. मी सावरायचा प्रयत्न केला. म्हणालो, लढाईच्या धांदलीत शिपाईसुद्धा कधीकधी उलटे बसवायचे. तू हात पुढे केलास, भिक्षा मागितल्यासारखा, आणि म्हणालास, "फोटो दाखव."

त्या दिवसापासून मी रिव्हर्स झालो. ग्रुपवर रिव्हर्स, फोनवर रिव्हर्स, तुझ्या घरी वहिनी आतून विचारायच्या कोण आलंय, तर तू सांगायचास, "रिव्हर्स आलाय, चहा टाक." माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तू माझ्या व्याह्यांशी अशी ओळख करून दिलीस. ते सज्जन गृहस्थ. त्यांनी विचारलं, रिव्हर्स म्हणजे? तू ताटातला पापड उचललास, त्यावर आमरसाने बोटाने व्ही काढलास, आणि त्यांना सगळं समजावून सांगितलंस. पापड फिरवून दाखवलास. ते अजून मला भेटले की गाडी पार्क करताना माझ्याकडे बघून हसतात.

मी तेव्हाच ठरवलं होतं. तुझी एक चूक. मला फक्त एक हवी होती, आणि ती मी सगळ्यांसमोर काढणार होतो. त्यानंतर तुझं प्रत्येक मॉडेल मी मुलगी पाहायला आलेल्या सासूसारखं बघितलं. चाकं मोजली. हुक मोजले. एकदा वाटलं सापडली. तुझ्या एका रशियन टँकवर फावडं उलट्या बाजूला बांधलेलं होतं. मी घसा खाकरून सुरुवात केली आणि तू मोबाइल काढून फोटो दाखवलास. खरंच तसंच होतं. रिव्हर्सने पुन्हा रिव्हर्स घेतला म्हणून ग्रुपवर दोन दिवस धुमाकूळ.

आणि तरी दर रविवारी मी तुझ्याकडेच यायचो. का यायचो ते मला विचारू नकोस. कोपरखैरण्याहून घणसोली काही लांब नाही, हे मी मंदाला सांगायचो.

एक रविवार मला विसरता येत नाही. वाशीच्या प्रदर्शनानंतरचाच. त्या दिवशी मी आलो नाही म्हणून तू माझ्याकडे आलास. सोबत तुझा ब्लेडचा डबा, थिनर, सुईसारखे चिमटे. माझा शर्मन पुढ्यात घेतलास आणि ते चिकटवलेले पट्टे एकेक कडी सोडवत काढायला लागलास. संध्याकाळ झाली. एकही कडी तुटली नाही, चाकावरचा एक टवका उडाला नाही. मग दोन्ही पट्टे फिरवून सुलट बसवलेस. मंदाने तुला जेवू घालूनच पाठवलं. जाताना तू दारात चपला घालत म्हणालास, "अरे, होतं असं." मी तुला त्या क्षणी माफ केलं असतं. जवळजवळ केलंच होतं. पण खाली उतरून तू ग्रुपवर टाकलंस, 'रिव्हर्सची गाडी फर्स्ट गिअरमध्ये.'

इतका सफाईदार हात तुला कसा काय, हे मला त्या वेळी सुचलं नाही विचारायला.

आता ऐक. तू गेल्यावर वहिनींचा फोन आला. "भावजी, कार्यक्रमाला यांचे टँक मांडायचे म्हणतेय मी. आणि एक मोठा फोटो. तुमीच काढा. आमाला कोणाला कळतंय त्यातलं?" मी कॅमेरा घेऊन आलो. तुझं कपाट उघडलं. एकेक मॉडेल काढून टेबलावर ठेवलं. तुझा शर्मन सगळ्यात वरच्या फळीवर, नेहमीसारखा, उजवं अंग भिंतीला लावून. त्याला तू कोणाला हात लावू दिला नव्हतास. चिखल पडेल म्हणायचास. तळवलीच्या मागची खाडीची माती आणून, वहिनींच्या कढईत भाजून, चाळून, गोंदात कालवून तू तो चिखल केला होतास. वहिनींनी ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेतली नाही, तीही गोष्ट तू सगळ्यांना सांगायचास.

मी तो जपून उचलला. तरी उजवीकडचा चिखलाचा एक पोपडा सुटून फळीवर पडला. वर्षं झाली होती, गोंद सुकला होता. मी शिवी घातली, स्वतःला. पोपडा उचलला, कुठून पडला ते बघायला मॉडेल फिरवलं.

आणि मला व्ही दिसला.

मी डाव्या बाजूला पाहिलं. टोक पुढे, हवं तसं. उजव्या बाजूला पाहिलं. टोक मागे. चष्मा पुसला. मग ब्रश घेऊन कडेची धूळ झाडली, आणखी दोन कड्या उघड्या झाल्या. टोक मागे, टोक मागे. माझ्या शर्मनचे दोन्ही पट्टे उलटे होते, म्हणजे निदान एकमेकांशी तरी पटत होतं त्यांचं. तुझा एक पुढे चाललेला आणि एक मागे. असा टँक जागच्या जागी गोल फिरेल, विलास.

वहिनी चहा घेऊन आल्या. "काय झालं भावजी?"

"काही नाही. बघतोय."

"बसा की मग. उभे का?"

मी बसलो. आणि मग एकेक गोष्ट आठवत गेली. त्या शर्मनचे तुझे सगळे फोटो डावीकडून. बॅनरवरचा डावीकडून, ग्रुपवरचे डावीकडून. मी एकदा विचारलं होतं, उजवीकडून का नाही काढत? तू म्हणालास, "नटीला विचार, तीपण एकाच बाजूने फोटो देते." मी हसलो होतो. दुसऱ्यांदा विचारलं होतं की चिखल सगळा उजवीकडेच का? तू म्हणालास, "उजवीकडे खाडी होती असं समज." मी तेही समजलो. मी काय, तू सांगशील ते समजत होतो.

म्हणजे तुला माहीत होतं. वाशीच्या हॉलमध्ये उभा होतास, बाहेर बॅनरवर तुझी डावी बाजू झळकत होती, घरी कपाटात उजवी भिंतीला लावलेली होती, आणि तुला माझी चूक लांबून, न वाकता दिसली. दिसणारच. तीच चूक तू किती वेळा बघितली असशील, रोज, कपाट उघडताना. मला कळत नव्हतं की इतक्या लांबून कसं दिसलं. गरुडाची नजर आहे म्हणून मी लोकांना सांगत होतो.

हसलास त्याचा राग नाही. आपण सगळे हसतो. पण तो रविवार, विलास. दिवसभर आपण दोघंच होतो. माझे पट्टे तुझ्या हातात होते. तुला एक वाक्य बोलायचं होतं. 'माझाही उलटाच आहे रे.' एवढंच. मी कोणाला सांगितलं नसतं. मी आयुष्यभर तुझा चिखल सांभाळला असता. उलटा पट्टा लावणारा मूर्ख जगात मी एकटाच आहे असं तू मला वाटू दिलंस, आणि वर नावही ठेवलंस. हे मी माफ करणार नाही. तू गेलास म्हणून तर मुळीच नाही. मेल्यावर माणसाला माफ करणं सोपं असतं, त्याला काही करावं लागत नाही.

मी चहा संपवला. वहिनींना म्हटलं, शर्मन घेऊन जातो, बाहेरच्या उजेडात काढतो. त्या म्हणाल्या, "न्या की. तुमचाच आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तळवलीला गेलो. तू माती आणलीस त्याच बांधावर. ओहोटी होती, चिखल चमकत होता, मागे ढग. तू शिकवलंस तसं सगळं केलं. खालची जमीन ओली केली. आकाश खरं हवं म्हणायचास, म्हणून मागे खरं आकाशच येईल असा टँक ठेवला. कॅमेरा जमिनीला लावला, कारण छोट्या वस्तूचा फोटो वरून काढला की ती छोटीच दिसते, तिच्या समोर लोळावं लागतं. या वयात, या पोटावर मी तळवलीच्या बांधावर पालथा पडलो. दोन म्हशी येऊन बघून गेल्या. एका माणसाने लांबून हाक मारली, "काका, बरं हाय ना?" मी हात हलवला.

आणि फोटो काढायच्या आधी मी टूथपिकने तुझ्या उजव्या पट्ट्यावरचा उरलेला चिखल काढला. सगळा. कडीकडीतून. तुझी भाजलेली, चाळलेली, कालवलेली माती. एक कडी तोडली नाही. तुझ्याकडूनच शिकलोय.

मग फोटो काढला. उजवीकडून. मावळतीचा उजेड आडवा आला आणि प्रत्येक व्हीच्या कडेवर एकेक रेघ चमकली. मी इतका चांगला फोटो आयुष्यात काढलेला नाही. प्रिंट काढायला घणसोलीत दिला तर दुकानदार म्हणाला, "काका, हा कुठल्या बॉर्डरवरचा?" मी म्हटलं, तळवलीच्या. त्याला वाटलं मी चिडलोय.

कार्यक्रमात तो फोटो तुझ्या फोटोच्या बाजूलाच, टेबलावर, पांढऱ्या कापडावर उभा केला. दारातून येणाऱ्याला पहिला दिसेल असा. आणि मी मागे जाऊन बसलो. माझं ठरलं होतं. मी काही बोलणार नव्हतो. ग्रुपमधला एकजण वाकून बघेल, त्याच्या कपाळाला आठी पडेल, तो दुसऱ्याला बोलावेल, आणि मग हळूहळू सगळ्यांना कळेल की गुरुजींचाही पट्टा उलटा होता. मला वाशीचा हॉल परत हवा होता, त्याच माणसांसकट.

आले सगळे. ग्रुपमधला नायर तर फोटोपुढे किती तरी वेळ उभा होता. चष्मा वर केला, खाली केला. मी खुर्चीच्या कडेवर सरकलो. मग तो माझ्याकडे आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रिव्हर्स, क्या लाइट पकडलीयस यार. विलासनेच काढलाय असं वाटतं."

"पट्टे बघितलेस?" मी विचारलं.

"हां ना, पट्टे पण मस्त. एकदम खरे."

मी उठलो. त्याला पुन्हा घेऊन गेलो. बोट ठेवलं. "इकडे बघ. नीट बघ."

त्याने नीट बघितलं. "गंज? गंज तो विलासचा हातखंडाच होता," म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.

एकालाही दिसलं नाही, विलास. ही सगळी माणसं वाशीला हसली होती. तू बोट दाखवलंस म्हणून हसली होती, त्यांना तेव्हाही काही दिसलं नव्हतं. परवा तिथे उलटा पट्टा ओळखणारे दोघंच होतो, एक मी आणि एक फोटोत, हार घातलेला. मी सांगू शकलो असतो. माझ्या तोंडावर आलं होतं. पण समजावून सांगितलेल्या सुडात काय राम? पापड नव्हता माझ्याकडे. मी परत जागेवर येऊन बसलो आणि मला रडू आलं. रागाने आलं. आणि तू आता पुन्हा कधीच कोणाच्या मॉडेलकडे लांबून बघणार नाहीस, म्हणूनही आलं. शेजारच्या बाईंनी परत पाणी दिलं.

मला वाटलं होतं इथे संपलं. पण कार्यक्रम आवरताना वहिनी त्या फोटोपुढे येऊन थांबल्या. "ही बाजू मी कधी बघितलीच नाय," म्हणाल्या. "पुसायला घेतला की ओरडायचे, फिरवू नको म्हणून. किती सुंदर आहे. भावजी, हाच लावते मी हॉलमध्ये. यांच्या शेजारी."

मी म्हणू शकलो असतो, वहिनी, डावीकडचा देतो, तो बरा आहे. पण तसं म्हणालो नाही.

काल रविवार होता. आलो होतो. वहिनींनी खुर्ची पुढे ओढून दिली आणि हातोडी हातात ठेवली. "खिळा तुमीच मारा. वाकडं चाललं नसतं त्यांना." मी लेव्हल धरली, खूण केली, खिळा मारला. एकदम सरळ बसलाय. तुझ्या हसऱ्या फोटोच्या शेजारी तुझी उजवी बाजू, चिखल नसलेली, सगळे व्ही मागे तोंड करून. तुझ्या घरात येणारा प्रत्येक पाहुणा तो बघणार, वाहवा करणार आणि चहा पिणार. मी दर रविवारी येणार आहे. त्याच्या समोरच्याच खुर्चीत बसणार आहे.

मी तो उतरवणार नाही आणि वहिनी तर मुळीच उतरवणार नाहीत. तुला नको असेल तर तू स्वतः ये, आणि का नको ते सगळ्यांसमोर सांग.